शिट्टी झाली की थांबणारं भांडण

रविवारी संध्याकाळी आमच्या वाचनालयात एका विनोदी मालिकेच्या दोन लेखकांनी प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. मालिकेतली सासू भांडताना कुकरची शिट्टी झाली की थांबते आणि नंतर तुटलेलं वाक्य तिथूनच पुढे नेते.

"हे सुचतं कुठून?" एका मुलीने विचारलं.

"कल्पनेतून," लेखिका म्हणाली.

"खोटं. हिच्या घरी चला, रोज एक एपिसोड मिळेल," शेजारचा लेखक म्हणाला.

सगळे हसले. लेखिकेच्या सासूबाई पुढच्या रांगेत होत्या; त्या हसल्या नाहीत. लेखिकेनेच सुरुवातीला त्यांची कौतुकाने ओळख करून दिली होती. हळूहळू हसू थांबलं. आपण दर आठवड्याला ज्यावर हसतो, ते कुणाच्या तरी स्वयंपाकघरात खऱ्या रागाने बोललं गेलेलं असतं. ते बोलणारी बाई आता समोर बसली होती.

सासूबाईंनी माइक मागून घेतला.

"पहिल्या शिट्टीनंतर मी गॅस बारीक करते. ते तुमच्या मालिकेत कुणी करत नाही."

"चुकलंच, आई. आणि भांडण?" लेखिकेने विचारलं.

"त्याचं घरी बोलू."

कार्यक्रमानंतर बाहेर रिक्षा आली. आधी सासूबाई बसल्या आणि आत सरकून त्यांनी सुनेला जागा केली.