म्हातारीच्या बुटापासून ठाण्यापर्यंत

गावाला गेलो की मी मुंबईचा असतो. परत डोंबिवलीला आलो की मुंबई म्हणजे रोज सकाळी जायचं आणि संध्याकाळी सुटायचं ठिकाण. आमच्याकडे सगळेच असं बोलतात, त्यामुळे याला कुणी थाप म्हणत नाही. तीस वर्षं दर मे महिन्यात मी आत्याला सांगत आलो, "एकदा ये गं, मुंबई दाखवतो." आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. राजापूरच्या बाजूला आमच्या गावच्या घरात ती एकटीच राहते. आंबे, मग गणपती, मग भातकापणी, असं तिचं वर्ष निघून जायचं आणि ती काही यायची नाही. खरं सांगायचं तर ती येत नाही या भरवशावरच माझं आमंत्रण उभं होतं.

मग ती आली. हृदयाची झडप बदलायला आली.

तीन आठवडे ती आमच्याकडे डोंबिवलीत होती. त्यात तिने पाहिलं काय, तर आमची गॅलरी, कोपऱ्यावरची पोळी-भाजी केंद्राची रांग आणि ठाण्याचं हॉस्पिटल. तपासण्या झाल्या, तारीख ठरली. मंगळवारी सकाळी ऑपरेशन. सोमवारी संध्याकाळी सहाच्या आत पेशंटने स्वतः काउंटरवर हजर राहायचं, नाहीतर खाट यादीतल्या पुढच्या माणसाला. डॉक्टर बुधवारी महिनाभरासाठी परदेशी जाणार होते. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की या बाईंच्या बाबतीत महिनाभर थांबायची जोखीम मी घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका. मी मान डोलावली. डॉक्टरांपुढे मी नेहमीच जबाबदार दिसतो.

रविवारी संध्याकाळी मटार सोलता सोलता आत्या म्हणाली, "तेवढी मुंबई राहिली बघायची."

बोलली ती दाण्यांकडे बघून, पण स्वयंपाकघरातला कुकरसुद्धा गप्प झाला. मी म्हटलं, बरी हो, मग निवांत बघू. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मग मी म्हणालो, उद्या. बायको ओट्याशी होती, तिने विळी जरा जोरात मिटली.

मी हॉस्पिटलात फोन करून विचारलं. तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, गाडीतून फिरवा, जिने-चढ नको, दमवू नका, वेळेवर या. यातलं शेवटचं मला सर्वांत सोपं वाटलं.

इथे माझी हुशारी सांगायला हवी. फोर्टातल्या एका ऑफिसात मी सत्तावीस वर्षं काढली. मुंबई मला मिनिटांत पाठ आहे. डोंबिवलीहून कुठलं स्टेशन किती मिनिटांवर, कुठल्या गाडीला कुठे थांबा नाही, झोपेतून उठवून विचारा. पण या सत्तावीस वर्षांत मी मुंबई रस्त्याने कधी पार केलीच नव्हती. स्टेशन ते ऑफिस एवढा आठ मिनिटांचा रस्ता सोडला, तर वर जमिनीवर हे शहर कसं पसरलंय याची मला कल्पना नव्हती. तरी मी वहीच्या पानावर आठ स्थळं लिहिली आणि समोर वेळा मांडल्या. परतीच्या ओळीत लिहिलं: मलबार हिलहून निघणे तीन वाजता, ठाणे चार. फास्ट लोकलला लागतो त्याहून थोडा जास्तच वेळ धरला होता मी. चाकं ती चाकं, असा माझा हिशेब.

बायकोने ते पान वाचलं आणि विचारलं, "अहो, ही गाडी रुळांवरून जाणार आहे का?"

मी तिला निराशावादी म्हणालो. ती म्हणाली, मी दुपारीच सामान घेऊन थेट हॉस्पिटलात जाऊन बसते, तुम्ही आत्याबाईंना घेऊन या. मग सकाळी निघताना आत्याच्या हातावर दही ठेवलं. आत्याने दही खाल्लं आणि देवाला नमस्कार करून "येते" म्हणाली. नेहमीचाच शब्द, पण आमच्या दारात जरा वेळ तसाच राहिला.

गाडी कल्याणहून मागवली होती. ड्रायव्हर खडवलीकडचा, पन्नाशीचा, शांत. शिर्डी, नाशिक, वणी त्याला तळहातासारखे माहीत. मुंबईत मात्र तो फक्त विमानतळापर्यंत गेलेला. म्हणजे एक जमिनीवरचा अडाणी आणि एक रुळावरचा, अशा दोघांच्या भरवशावर आत्या मागच्या सीटवर उशीला टेकून बसली.

माझ्या पानाप्रमाणे साडेनऊला गेटवे यायला हवं होतं. साडेनऊला आम्ही मुलुंडच्या अलीकडे होतो. गेटवे आलं पावणेबाराला, आणि तेही पोलिसाने थांबू न दिल्यामुळे खिडकीतून, उजवीकडून डावीकडे गेलं. आत्याने विचारलं, "यातून जाऊन पुढे काय?" मी म्हटलं, समुद्र. ती म्हणाली, समुद्र माझ्या परसामागे आहे, त्याला दरवाजा लागत नाही.

मरीन ड्राइव्हचंही तेच. मी राणीच्या हाराची माहिती देऊ लागलो, तर तिने विचारलं, इथे मासे कोण पकडतं? कुणीच नाही म्हटल्यावर तिची उत्सुकता संपली. म्युझियम बाहेरून पाहिलं, सोमवार असल्याने बंद आहे असं मी ठोकून दिलं. खरं तर मला घड्याळ दिसत होतं. स्थळं आठाची चार झाली, मग तीन. तेव्हा आत्या म्हणाली, "बाकीचं राहू दे. मला तो बूट बघायचाय."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मान खाली गेली.

मी तिसरीत असताना शाळेची सहल मलबार हिलवरच्या बागेत गेली होती. तिथे दोन मजली उंच, सिमेंटचा म्हातारीचा बूट आहे, आत जिना आहे आणि वर सज्जा. त्या मे महिन्यात मी गावाला जाऊन आत्याला तो बूट पंधरा दिवस पुरवून सांगितला होता. आत कसा अंधार होता, मुलं कशी रडत होती, आणि मी एकटा कसा वरपर्यंत चढलो आणि सज्ज्यातून बाईंना हात केला. तेव्हा आत्या पंचवीस-सव्वीसची असेल. ती हे इतकी वर्षं धरून बसली असेल असं मला वाटलं नव्हतं.

बागेपाशी पोचलो तेव्हा दोन वाजले होते. ड्रायव्हरने शक्य तितकी जवळ गाडी लावली. दहा पावलं, थांबायचं, श्वास, पुन्हा दहा पावलं, असे आम्ही आत गेलो. तिच्या ओठांचा रंग मी दर थांब्याला चोरून बघत होतो. बूट जागेवर होता. माझ्या आठवणीपेक्षा बराच बुटका. आत फक्त लहान मुलांना सोडतात, असं तिथल्या माणसाने सांगितलं, तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. आत्या समोरच्या बाकावर बसली आणि वर चढणाऱ्या पोरांकडे पाहत राहिली.

अडीच वाजले. पावणेतीन. मी म्हटलं, निघू या. तिला पाणी हवं झालं. मग चहा. मग बाथरूम, जी बागेच्या दुसऱ्या टोकाला. परत आल्यावर चष्मा सापडेना. मी बाकाखाली शोधला, झुडपात शोधला, चहावाल्याला विचारलं, बाथरूमपर्यंत जाऊन आलो. ड्रायव्हर घाम पुसत आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "काका, चार वाजत आले. नकाशात पिवळं-लाल दाखवतंय सगळं." त्याने मोबाइल पुढे केला. ठाण्यापर्यंतची रेघ लाल होती. चष्मा शेवटी तिच्याच पिशवीत, साडीच्या घडीत निघाला. आत्या म्हणाली, वय झालं बाबा. मी हसलो आणि तिची पिशवी माझ्याच खांद्याला अडकवली.

गाडी सुटली तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. शीवपर्यंत पाऊण तास गेला. बायकोचा पहिला फोन पाच वाजता आला: काउंटरवरची बाई चांगली आहे, पण तिच्यासमोर एक माणूस आईला घेऊन खाटेसाठी बसलाय. मी म्हटलं, आलोच. घाटकोपरला पुन्हा फोन. मी पुन्हा "आलोच" म्हटलं. तिसऱ्यांदा ती एवढंच म्हणाली, "आलोच म्हणू नका. कुठे आहात ते सांगा." मी विक्रोळी म्हणालो. लोकलने विक्रोळी ते ठाणे किती, ते मला माहीत होतं. पण ते आता काय कामाचं?

मुलुंडच्या नाक्याच्या जरा अलीकडे गाड्या थांबल्या त्या थांबल्याच. पुढे ट्रक बंद पडला होता. पाच वाजून पंचवीस मिनिटं. आरशात मला आत्याचा चेहरा दिसत होता. डोळे मिटलेले, हात छातीवर. मी वळून विचारलं, दुखतंय का?

"नाही," ती म्हणाली. डोळे तसेच मिटलेले. "चष्मा मीच ठेवला होता पिशवीत."

ड्रायव्हरने रेडिओ बंद केला.

"उशीर झाला तर बरं, असं वाटत होतं मला. आपोआप चुकावं. मी नको म्हटलं असं नको व्हायला, आणि ऑपरेशनही करायला नको. तुमची एवढी धावपळ चाललीये, तुला तोंडावर कसं सांगू? छाती उघडतात रे. मला भीती वाटते."

आता इथे दुसऱ्या कुणी भाच्याने काही धीराचं, शहाणपणाचं सांगितलं असतं. मीही सुरुवात केली, डॉक्टर किती मोठे, मशीन किती नवीन. ती ऐकत नव्हती. ती म्हणाली, तुला काय कळणार, तू लहानपणी अंधारात एकटा वर गेला होतास.

मी म्हणालो, "आत्या, मी वर गेलोच नव्हतो."

तिने डोळे उघडले.

"अर्ध्या जिन्यातून परत फिरलो. रडलो. बाईंनी कडेवर घेऊन खाली आणलं. तुला मी खोटं सांगितलं."

पंचेचाळीस वर्षांनंतर, एका अनोळखी ड्रायव्हरच्या देखत, हे सांगताना माझे कान तापले. आत्या माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता रडेल. तिच्या गालाला एक खळी पडते, ती पडली.

"पंधरा दिवस सांगत होतास."

"हो."

"सज्ज्यातून हात केला म्हणून."

"हो."

"मेल्या," ती म्हणाली, आणि मग, "बाईंनी आणलं म्हणून उतरलास. मला कोण उतरवणार?" मी काही बोलायच्या आत तिने पदर खोचला, चष्मा लावला आणि ड्रायव्हरला विचारलं, इथून ठाण्याला दुसरं काय जातं?

शीव ओलांडली की रिक्षा सुरू होतात, हे शहाणपण आम्हा दोघांनाही होतं, पण सुचलं तिच्या विचारण्यानंतर. ड्रायव्हर खाली उतरला, गाड्यांच्या मधून बाजूच्या सर्व्हिस रोडवर गेला आणि कुणाशी तरी वाद घालून एक रिक्षा थांबवून उभा राहिला. तिथपर्यंत साठएक पावलं असतील. आम्ही ती दहा-दहाने केली. हॉर्न वाजत होते. चौथ्या थांब्याला तिने माझा दंड इतका घट्ट धरला की मला वाटलं, संपलं, मी मारली हिला, आठ स्थळं लिहून मारली. ती म्हणाली, "मोज पुढे." मी मोजलं.

रिक्षावाला आतल्या गल्ल्यांतून निघाला. प्रत्येक खड्ड्याला मी आत्याच्या पाठीमागे हात घालत होतो आणि ती तो झटकत होती. बायकोचा फोन आला तेव्हा मी पहिल्यांदाच खरं ठिकाण सांगितलं.

हॉस्पिटलच्या दारात बायको व्हीलचेअर घेऊन उभी होती. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही, तो हिशेब नंतर आठवडाभर चालला. काउंटरच्या वर घड्याळात सहाला चार मिनिटं कमी होती. आपल्या आईला घेऊन बसलेला तो माणूस आम्हाला बघून उठून उभा राहिला आणि पुन्हा खाली बसला. त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. तो अजूनही कधीकधी आठवतो.

काउंटरवरच्या बाईने फॉर्म माझ्यापुढे सरकवला. संमतीची सही नातेवाइकाची चालेल, म्हणाली. आत्याने खुर्चीतून हात पुढे केला. तिने फॉर्म ओढून घेतला, पूर्ण वाचला आणि शाळेत शिकल्यासारखी एकेक अक्षर सुटं लिहून सही केली. मग पेन मला देत म्हणाली, "तू जिन्याखाली थांब."

मंगळवारी मी थांबलो. साडेपाच तास.

आत्या गणपतीला गावी पोचली. छातीवरची खूण ती कुणाला दाखवत नाही, मुंबईबद्दल विचारलं तर गेटवेचं नावही काढत नाही. या मे महिन्यात मी गेलो, तेव्हा एसटीतून उतरेपर्यंत शेजारची दोन पोरं पिशवी घ्यायला धावत आली. त्यातल्या धाकट्याने मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "काका, जिन्यातून परत आलेले ते तुम्हीच ना?"