नांदायला जा म्हनाले

"पाठ दाखव," नवऱ्याचा वकील म्हनाला.

नगरच्या कोर्टात मी उभी. भवताली सगळे बाप्येच. कर्जतकडच्या आमच्या गावाहून मी पोटगी मागायला आले हुते. नवऱ्यानं दुसरी बायको आनली. मला तापल्या उलथन्यानं डागलं, पोटात लाथा घातल्या. चौथा महिना हुता. पोर गेलं. अर्जात सगळं लिवलं हुतं. तरी म्हनं पुरावा पायजे.

चोळीच्या गाठी सोडल्या. पाठ केली. मागं कुनीतरी खुदकन हसलं.

"जुने डाग आहेत," वकील म्हनाला.

नवऱ्यानं हात जोडले. "सायेब, मी नांदवायला तयार हाय. हीच येत न्हाई."

त्याला कुनी सदरा काढायला लावला न्हाई. दुसरी बायको का आनली, तेबी कुनी इचारलं न्हाई.

जज्जसायेब म्हनाले, "बाई, संसारात मारहाण व्हायचीच. तो नेतो म्हणतो ना? मग नांदायला जा. नाही गेलीस तर पोटगी नाही."

अर्ज फेटाळला.

भाईर येताच पायऱ्यांवर त्यानं माझे केस धरले. "चल. आता सरकारनंच दिलीया तुला माझ्या ताब्यात."

फरफटत नेलं. गुडघे फुटले. दारावरच्या शिपायानं तोंड फिरवलं. माझ्यासंगं आलेला माझा बाप तिथंच उभा हुता. खाली बघून म्हनाला, "जा पोरी. सायेबाचा हुकूम हाय."

त्या शब्दासरशी माझ्यातलं काहीतरी तुटलं.

मी नवऱ्याच्या मनगटाचा लचका तोडला. रगत तोंडात आलं. हाताला धोंडा लागला, तो घातला त्याच्या कपाळात. आडवा झाला. परत घातला.

"बाई मारती! धरा!" आत्तापत्तुर मुकी हुती ती गर्दी वरडली. तोच शिपाई पळत आला. माझे दोनी हात पिरगाळले.

जेल झाली. डाग देनारा घरी, मी गजाआड. बाप एकदाबी आला न्हाई.

सुटले त्या दिवशी गावाकडं गेले न्हाई. नीट कोर्टापुढं गेले. तिथं झाडाखाली एक म्हातारा अर्ज लिहून द्यायचा.

"पोटगीचा अर्ज लिवा," मी म्हनले.

त्यानं चष्म्यावरून बघितलं, मला वळखलं. "नवऱ्याचं डोकं फोडलंस तू. आता कोण देतंय तुला पोटगी?"

"ते बी लिवा. का फोडलं ते बी लिवा. नांदायला जानार न्हाई, हे पयलं लिवा. पोटगी घेनार, हे त्याच्याखाली. फेटाळला, तर तिसरा लावीन."