एक जूनची माणसं

वसईतल्या एका रुग्णालयाच्या नोंदणीचं वेब अ‍ॅप्लिकेशन मी सात वर्षं सांभाळलं. सुरुवातीला एकटीच होते. तेव्हाची पद्धत सोपी: एक पान, एक फाइल. पडद्यावर दिसणारं, डेटाबेसला विचारायचं, नियम, सगळं त्याच फाइलीत कोंबलेलं. गचाळ, पण चालायचं.

मग आमच्या सॉफ्टवेअर कंपनीने अंधेरीहून नवे प्रमुख आणले. त्यांनी सगळ्याचे तीन थर करायचे ठरवले: दिसणं वेगळं, नियम वेगळे, डेटा वेगळा. मला पटलं. मी शिकले आणि निम्मी पानं स्वतः फोडली.

वाजलं ते नोंदणीच्या पानावरून. नव्या रचनेत नाव आणि जन्मतारीख जुळली, की रुग्ण तोच. माझा जुना कोड एक जून ही जन्मतारीख मोजतच नसे. वडिलांचं नाव, आजोबांचं नाव आणि आळी विचारायचा. प्रमुखांनी तो उडवला.

"मॅडम, एक जूनला तुमचा काही उपवास असतो का?" त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. लोक हसले.

मी सांगितलं, की शाळेत घालताना घरच्यांना तारीख माहीत नसायची, मग गुरुजी एक जून लिहून टाकायचे. आमच्याकडे त्या वयाचं अर्धं गाव एक जूनचं आहे. त्यात इथल्या वटार गावात एकाच नाव-आडनावाची चार-पाच माणसं सहज सापडतात. ते म्हणाले, असं लाखात एखादं. सोमवारी सर्व्हरवर चढवा.

"नाही चढवणार," मी म्हटलं. "एकाचा रक्तगट दुसऱ्याच्या कागदावर जाईल. माझ्या हातून नाही."

"मग दुसरं कुणी चढवेल. तुम्ही दुसरी नोकरी बघा."

बघेन म्हटलं. पण त्याआधी जुन्या नोंदींच्या प्रतीवर त्यांचाच कोड चालवला आणि जी माणसं एकात एक मिसळली त्यांची यादी छापून टेबलावर ठेवली. दुसऱ्याच पानावर एकाच नावाच्या दोन बायका होत्या. एकीला पेनिसिलिन चालत नव्हतं. एकत्र झालेल्या नोंदीत ते कुठेच उरलं नव्हतं.

प्रमुखांनी यादी शेवटपर्यंत वाचली. माफी वगैरे काही नाही. एवढंच विचारलं, की हा नियम कुठल्या थरात बसतो. मधल्या, मी म्हटलं, आणि त्याच दुपारी बसवला.

पुढे आणखी दोन प्रमुख आले, आणखी दोन पद्धती आल्या. प्रत्येकाला मी आधी ती यादी वाचायला लावली, मगच कोडला हात लावू दिला.