आमच्यात न्हाय कुणाला

मला बघायला पाहुणे आले होते. पोहे झाले. मुलाचे चुलते, वडगावचे बडे बागायतदार, म्हणाले, "पोरी, हितनं तितं चालून दाखव."

मी चालले. माझं पाऊल वर उचलत नाही. गुडघा उंच घ्यावा लागतो, मग पाऊल फरशीवर आपटतं. फट्. फट्.

"आवो, हा तर भिगवणच्या पाण्यातला बगळा हाय!" चुलते म्हणाले.

सगळे हसले. माझे वडील, आबा, तेही हसले. मग आईकडे बोट करून म्हणाले, "हिच्या माहेरचं हाय ते. आमच्यात न्हाय कुणाला."

आई बशा गोळा करत होती. तिनं मान वर केली नाही.

हे मी लहानपणापासून ऐकत आले. आत्या बोलायची, काटेवाडीच्या चुलत्या बोलायच्या. शेवटी आईनं डाळजला माहेरी जाणंच सोडलं. माझ्या काटकुळ्या पोटऱ्यांना तेल लावताना म्हणायची, "माझ्यामुळं झालं गं बाई." तिच्या स्वतःच्या पोटऱ्या भरीव होत्या. ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही.

ते स्थळ पुन्हा फिरकलं नाही. मी शिकत राहिले. घरातली पहिली पदवीधर. बारामतीच्या कॉलेजातल्या बाईंनी मला पुण्याला नसांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण तोवर आई गेली होती.

डॉक्टरांनी नसा तपासल्या, रक्त जनुक तपासणीला पाठवलं. हातापायांच्या नसांचा आनुवंशिक आजार निघाला. बरं करणारं औषध अजून नाही. व्यायाम करायचा, पाऊल उचलून धरणारी पट्टी बांधायची. मग ते सोबत आलेल्या आबांना म्हणाले, "जरा बूट काढता का?"

आबा कायम बूट घालायचे. उसात साप असतात म्हणून. घरात मोजे, भेगांना माती लागू नये म्हणून. बूट-मोजे निघाले. उंच कमान, आखडलेली बोटं. माझेच पाय. मग त्यांचंही रक्त तपासलं. तोच जनुकदोष.

मुलगा बघताना त्याला कुणी चालायला लावत नाही.

तो रिपोर्ट घेऊन परतताना एसटीत आबा एवढंच बोलले, "गावात सांगू नगंस."

आईच्या वर्षश्राद्धाला डाळजचा मामा आला. पंगतीत आत्या त्याला म्हणाली, "तुमच्या बहिणीनं आमच्या घरात पांगळं रक्त आणलं." मामा खाली मान घालून जेवत राहिला. अगदी आईसारखा.

"आत्या, आजार आबांकडनं आलाय," मी म्हणाले. "आईकडनं न्हाय."

"गप बस," आबा ओरडले.

"न्हाय बसणार. आबा, मोजे काढा. दाखवा सगळ्यास्नी."

आबा भरल्या पानावरून उठून गेले. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलत नाहीत.

आजार असणं हा त्यांचा गुन्हा नाही. पण रिपोर्ट हातात आल्यावरही ते गप्प राहिले. आई तर माझे पाय आपणच बिघडवले असं समजूनच गेली. तिला आता कोण सांगणार?

ज्या ज्या घरात तिचं नाव असं घेतलं गेलं, त्या प्रत्येक घरी मी जाणार आहे. सुरुवात काटेवाडीच्या चुलत्यांपासून. आत घेतलं नाही, तर दारात उभी राहून, शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल असं सांगणार.