झेरॉक्सवरची बहीण

ठाण्याला नौपाड्यात माझं नोटरीचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे तळमजल्यावरची एक खोली, टेबल, कपाट आणि समोर दोन खुर्च्या. इथे येणाऱ्या प्रत्येकाकडे मी आधी संशयानेच बघते. घरचे म्हणतात, तू भाजीवाल्याकडेही ओळखपत्र मागशील. पण माझा शिक्का पडला की सही खरी, असं पुढचे सगळे धरून चालतात, त्यामुळे इलाज नाही.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी पन्नाशीचे एक गृहस्थ साठीच्या बाईंना घेऊन आले. दोघं बहीणभाऊ, असं त्यांनी सांगितलं. वडील गेल्यावर कोकणातली बाग दोघांच्या वाट्याला आली होती. बहिणीच्या वतीने सगळ्या सह्या भावाने कराव्यात, असं कुलमुखत्यारपत्र ते टाईप करूनच घेऊन आले होते.

मी रजिस्टरमध्ये बहिणीचं नाव आणि पत्ता लिहून घेतला. पत्ता डोंबिवलीचा होता. "आधारकार्ड ओरिजिनल द्या," मी म्हणाले.

"घरी राहिलं, मॅडम. झेरॉक्स आहे. पॅनचीही आहे."

झेरॉक्सवरचा फोटो इतका काळा होता की तो कोणाचाही असू शकला असता. मी बाईंना विचारलं, "वडिलांना जाऊन किती दिवस झाले?"

"दीड वर्ष," उत्तर भावाने दिलं.

"त्यांना बोलू द्या."

बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग मी भावाला म्हणाले, "यांचा एक पासपोर्ट साइज फोटो लागेल. कोपऱ्यावर स्टुडिओ आहे, काढून आणा."

"त्यांना घेऊन जातो."

"त्यांना बसू द्या, फोनमधला फोटो असेलच की तुमच्याकडे."

त्यांच्या मनात नव्हतं, पण गेले. मी रजिस्टर बाईंपुढे सरकवलं आणि पेन दिलं. त्यांनी पेन घेतलं नाही, डाव्या हाताचा अंगठा पुढे केला. पॅनच्या झेरॉक्सवर मात्र वळणदार मराठी सही होती.

"बाई, तुम्ही त्यांच्या बहीण नाही ना?" मी हळूच विचारलं.

त्यांचे डोळे भरले. "मी त्यांच्याकडे पोळ्या करते. साहेब म्हणाले, ताई आजारी आहेत, त्यांच्याऐवजी अंगठा दे, एवढंच काम. मला वाचता येत नाही हो. पोलीस येतील का?"

मी नाही म्हणाले. तेवढ्यात ते गृहस्थ परतले आणि बाईंचा चेहरा बघूनच काय ते समजले.

"हे होणार नाही," मी म्हणाले.

"घरातली गोष्ट आहे, मॅडम. तुम्ही एवढं ताणताय कशाला?" त्यांनी कागद गोळा केले. दारातून वळून म्हणाले, "ठाण्यात तुम्ही एकट्याच नोटरी नाही."

या वाक्याने माझी झोप उडवली. रजिस्टरमधल्या त्या ओळीवर मी 'रद्द' लिहिलं होतं, पण खालचा पत्ता स्वच्छ वाचता येत होता. रविवारी मी डोंबिवली गाठली.

दार अर्धवट उघडलं, साखळी तशीच होती. आतल्या बाई म्हणजे खरी बहीण, निवृत्त शिक्षिका असल्याचं नंतर कळलं; आजारी वगैरे अजिबात दिसत नव्हत्या. मी नोटरी असल्याचं सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "भावाने पाठवलं का तुम्हाला?"

"नाही. त्यांच्याबद्दलच सांगायला आलेय."

"ओळखपत्र?"

मी ते फटीतून आत दिलं. चष्मा लावून त्यांनी दोन्ही बाजू वाचल्या, कोणाला तरी फोन करून माझं नाव खरं आहे का ते विचारलं. तोवर मी जिन्यात उभी होते, आणि शेजारच्या दाराच्या भिंगातून कोणीतरी मला बघत होतं. रोज माझ्यासमोर बसणाऱ्या माणसांना काय वाटत असेल, ते मला तिथे कळलं.

शेवटी त्यांनी दार उघडलं. मी घडलेलं सांगितलं.

"झेरॉक्स मीच दिल्या होत्या," त्या म्हणाल्या. "बाबांच्या पेन्शनचं काम आहे म्हणाला." मग माझ्याकडे रोखून बघत, "तुमचा यात फायदा काय?"

काही फायदा नाही, असं मी म्हणाले. त्यांचा विश्वास बसला नसावा. चहाही विचारला नाही.

तीन महिन्यांनी त्या स्वतःच ऑफिसात आल्या, ओरिजिनल आधार घेऊन. मी निघाल्यानंतर दुसऱ्याच दिवशी त्यांनी कोकणातल्या तहसील कचेरीत लेखी हरकत दिली होती. भावाने तोवर दुसऱ्या नोटरीकडून कागद करून, तो जोडून तिथे बागेसाठी अर्ज केला होता. त्या कागदावर बहिणीच्या नावाने अंगठा होता आणि हरकतीवर त्यांची सही. तिथल्या कारकुनाने जाब विचारताच भावाने आपला अर्ज मागे घेतला. पोलिसांत जायला मात्र त्या तयार नव्हत्या. "राखी बांधलेली आहे," एवढंच म्हणाल्या. 'मी कोणालाही मुखत्यार नेमलेलं नाही' असं प्रतिज्ञापत्र त्यांना करून हवं होतं. मी ते नीट वाचून दाखवलं, शिक्का मारला.

"आणि त्या पोळ्या करणाऱ्या बाई?" मी विचारलं.

"त्याने काढून टाकलं म्हणे. तुमच्यासमोर रडली म्हणून."

पुढे काय झालं ते त्यांना माहीत नव्हतं. त्या बाईंचं नावसुद्धा मी विचारलेलं नव्हतं. रजिस्टरमध्ये लिहिलं होतं ते दुसऱ्याच कोणाचं.