एकोणऐंशी अंश

शादलिया इस्पितळात यायची तीच भांडत. फाटकावरचा चौकीदार म्हाताऱ्यांना उन्हात उभं करतो म्हणून, लिफ्ट बंद म्हणून, कँटीनवाला कालचा पाव आज हरिसाची तिखट चटणी चोपडून खपवतो म्हणून. सूस आणि मह्दियाच्या मधे, किनाऱ्यावरच्या आमच्या गावात सरकारी इस्पितळ एकच आणि त्यात एक्स-रे काढणारी बाईही एकच. तिच्या खोलीला लागून माझं टेबल. मी डॉक्टरांचे अहवाल टाइप करायचो. तिची बरीचशी भांडणं मला उगाचची वाटायची. हे एक उगाचचं नव्हतं, आणि त्यात माझाही हात काळा झाला, म्हणून सांगतो.

तिची थोरली बहीण ऑलिव्हच्या हंगामात शिडीवरून तीनदा पडली होती. तिन्ही वेळा तोच घोटा आत वळला. तिन्ही वेळा डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, बाई वेंधळी आहे. शादलियाच्या डोक्यात ते बसलं. राजधानीला, ट्यूनिसला, प्रशिक्षणाला गेली तेव्हा एका फ्रेंच मासिकातला घोट्याच्या हाडांवरचा लेख तिच्या हाती लागला, आणि ती परत आली ती कंपास, कोनमापक आणि ट्रेसिंग पेपरची गुंडाळी घेऊन.

"हे बघ, हादी," तिनं एक फिल्म उजेडाच्या पेटीवर लावून मला दाखवलं. "पायाचं नळीचं हाड वर, आणि त्याच्याखाली हे गोल पाठीचं हाड. डोकं आणि शेशिया. टोपी खोल असली की डोक्यावर घट्ट बसते. उथळ असली की वाऱ्यानं उडते. हाड मोडलेलं नाही म्हणजे हाड ठीक आहे, हे कुणी ठरवलं?"

त्या गोल पाठीवर ती कंपासनं वर्तुळ काढायची, त्याची त्रिज्या मोजायची. मग वरच्या हाडाच्या दोन टोकांपासून वर्तुळाच्या मध्यापर्यंत दोन रेघा ओढायची आणि त्यांच्यातला कोन मोजायची. टाचदुखीसाठी आलेल्या, कधीच पाय न मुरगळलेल्या लोकांचा कोन अठ्ठ्याऐंशीच्या आसपास यायचा. पुन्हा पुन्हा पाय मुरगळणाऱ्यांचा ऐंशीच्या आसपास, आणि त्यांचं वर्तुळही मोठं, म्हणजे हाडाची पाठ चपटी. झोपवून काढलेल्या फिल्मवर तिचा भरवसा नव्हता. "झोपून कोण पडतं?" म्हणायची. सुताराकडून तिनं एक भक्कम पेटी करून घेतली होती, फिल्म सरकवायला फट ठेवलेली. रुग्णाला तिच्यावर उभं करायची. सात वर्षांत जेवणाच्या सुट्टीत तिनं तीनशे चाळीस घोटे मोजून वहीत टिपले.

हाडांचे मुख्य डॉक्टर रऊफ. गावातल्या हँडबॉल क्लबचेही तेच डॉक्टर. मॅचला पहिल्या रांगेत कोच मुनीरच्या शेजारी बसायचे. शादलियाच्या वहीला ते 'लल्लाची भूमिती' म्हणायचे (लल्ला म्हणजे आमच्याकडे बाईसाहेब), आणि आम्ही हसायचो. मीही हसायचो.

सत्त्याण्णव साली उमैमा आली. सतरा वर्षांची, डाव्या बाजूनं खेळणारी, गावाची लाडकी. वर्षभरात उजवा घोटा सहाव्यांदा मुरगळला होता. बरोबर आई होती, वसीला. सार्डिनच्या कारखान्यातून तशीच आलेली, अंगाला मासळीचा वास.

"हिचे नखरे आहेत," वसीला आल्या आल्या म्हणाली. "अंतिम सामना जवळ आला की हिचा पाय दुखतो. कोच म्हणतो घाबरते."

"मी घाबरत नाही, आई! पाय माझा राहतच नाही. खाली बघते तर तिसरीकडेच."

"चूप. चारचौघांत तोंड चालवू नकोस."

"तुम्ही चूप बसा, वसीला," शादलिया म्हणाली. "पाय तिचा आहे. तिलाच ठाऊक." मग मुलीला म्हणाली, "चढ पेटीवर, बाळ. सगळा भार त्याच पायावर दे."

फिल्म धुऊन आली. शादलियानं मोजलं, पुसलं, पुन्हा मोजलं. त्रिज्या बावीस मिलिमीटर, कोन एकोणऐंशी. फिल्मला ट्रेसिंग पेपर टाचून ती डॉक्टरांच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं. मी बाहेर कागद घेऊन उभा.

"डॉक्टर साहेब, या मुलीला खेळवू नका. हाडाचा आकारच असा आहे की सांधा धरून राहत नाही. बाजूचे बंधही आता सैल झाले असणार. सूसला तज्ज्ञाकडे पाठवा."

"लल्ला शादलिया, फोटोग्राफर लग्नात फोटो काढतो. नवरी कशी आहे ते सांगत नाही."

"नवरी लंगडत असेल तर सांगतो, साहेब."

"तुमचं काम फिल्म काढणं. वाचणं माझं काम." ट्रेसिंग पेपर त्यांनी चुरगाळून टोपलीत टाकला आणि मला आत बोलावलं. मी बसलो, त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं: 'हाडात दोष नाही. रुग्णाला सामन्याची मानसिक भीती. सामन्याआधी वेदनाशामक इंजेक्शन. खेळण्यास हरकत नाही.'

हे मी माझ्या बोटांनी टाइप केलं. एकदाही थांबलो नाही.

शादलियानं वसीलाला कॉरिडॉरमध्ये गाठलं, हात धरून विनवलं. वसीला म्हणाली, "ते डॉक्टर आहेत, तुम्ही बटण दाबता." शादलिया कोच मुनीरकडे गेली, तर तो म्हणाला, "लल्ला, तुम्हाला गावानं हरावं असं वाटतं का?" क्लबबाहेरच्या कॉफीवाल्याकडे बसलेले लोक खो खो हसले.

सामन्याला मी गेलो होतो. सगळं गाव गेलं होतं, शादलिया सोडून. उत्तरार्धात उमैमानं उडी मारली, चेंडू जाळ्यात घातला, लोक ओरडत उठले. खाली येताना तिचा उजवा पाय आत वळला आणि तिचं सगळं वजन त्यावर आलं. लोक अजून टाळ्याच वाजवत होते. ती ओरडत होती, ते टाळ्यांत कुणाला ऐकू आलं नाही.

बाहेरचे बंध साफ तुटले होते, गोल हाडाच्या पाठीचा एक टवका निघाला होता. सूसला दोनदा ऑपरेशन झालं. तिथला सर्जन म्हणाला, चालेल, पण खेळणं संपलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर रऊफनी मला बोलावलं. अहवाल पुन्हा टाइप करायचा होता. तारीख जुनीच. 'मानसिक भीती' नको, 'खेळण्यास हरकत नाही' नको, त्याजागी 'विश्रांतीचा सल्ला दिला'. मला दोन लेकी होत्या, नोकरी होती. मी टाइप करून दिलं.

शादलियाला कळायला दुपारही लागली नाही. माझ्या टेबलापाशी आली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज चढला नाही. "हादी, तो डॉक्टर गाढव आहे. गाढवावर राग तरी किती धरायचा? तू वाचतोस, लिहितोस. तुला माहीत होतं." मग चार महिने ती माझ्याशी बोलली नाही.

तिनं मंत्रालयाकडे तक्रार केली, वही जोडून. चौकशीला ट्यूनिसहून तिघे आले. माझी पाळी आली तेव्हा मी खरं सांगितलं: अहवाल बदलला, कुणी सांगितल्यावरून बदलला, मूळ काय होतं. निकाल आला. माझ्या नावावर 'कारकुनी चूक' आणि एक ताकीद. डॉक्टर रऊफना काही नाही. शादलियाची बदली. किनाऱ्यापासून आत, चाळीस किलोमीटरवर, अशा दवाखान्यात, जिथं एक्स-रेचं यंत्रच नव्हतं. एकवीस वर्षं हाडं बघणाऱ्या बाईला त्यांनी लसींचं रजिस्टर लिहायला बसवलं.

निरोपाच्या दिवशी वसीला आली होती. डब्यात ब्रिक होत्या, अंडं भरून तळलेल्या पातळ घड्या. रडत म्हणाली, "बहिणी, मला माफ कर."

"तुम्हाला काय माफ करायचं? तुम्हाला खोटं सांगितलं गेलं," शादलिया म्हणाली. "माफी पोरीची मागा. नखरे म्हणालात तिला." डबा मात्र घेतला.

तीन वर्षांनी प्रांतातल्या सगळ्या इस्पितळांत परिपत्रक फिरलं: वारंवार पाय मुरगळणाऱ्या रुग्णांची फिल्म उभं करून काढावी, गोल हाडाची त्रिज्या आणि कोन मोजावा. खाली लिहिलं होतं, 'डॉ. रऊफ यांच्या अनुभवावर आधारित'. मी ते घेऊन बसनं तिच्याकडे गेलो. तिनं उभ्या उभ्या वाचलं. मी म्हणालो, "नाव राहू दे, शादलिया. पोरींचे घोटे तरी मोजले जातील."

"नाव खड्ड्यात गेलं! मर्यादा बघ काय घातलीय. पंचाहत्तरच्या खाली असेल तरच पाठवा म्हणे. पंचाहत्तर! यात उमैमा 'ठीक' निघते, मूर्खा. माझं चोरलं ते चोरलं, तेही धड नाही!"

त्या दिवशी तिनं पहिलं पत्र लिहिलं. मी टाइप केलं. उत्तर नाही. दुसरं, तिसरं, मंत्रालयाला, विद्यापीठाला, सूसच्या त्या सर्जनला. सर्जननं उत्तर दिलं, आपल्या पंचवीस रुग्णांच्या फिल्म मोजून पाठवल्या. सहाव्या पत्रानंतर मर्यादा चौऱ्याऐंशी झाली. कुणी आभार मानले नाहीत, कुणी तिला परत बोलावलं नाही. ती त्याच दवाखान्यातून निवृत्त झाली.

उमैमा आता मुलींना हँडबॉल शिकवते. इंजेक्शन घेऊन आलेल्या पोरीला मैदानात पाऊल ठेवू देत नाही, मग आग्रह करणारे पालक असोत की क्लबचा अध्यक्ष. थंडीत तिचा पाय सुजतो, उतारावर ती भिंत धरून चालते. गेल्या ईदला मी शादलियाकडे गेलो तेव्हा उमैमाही तिथं होती. डॉक्टर रऊफ वारल्याची बातमी मी सांगितली. सवयीनं म्हणालो, "अल्ला त्यांना क्षमा करो."

"त्याची मर्जी," शादलिया म्हणाली. "मी केलेली नाही." आणि उमैमापुढे तिनं चहाचा पेला सरकवला.