घरातली दोन्ही मतं

पप्पांच्या फोनमधला भोंगा वाजला तेव्हा आम्ही ओजिमा स्टेशनजवळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो. शेजारच्या दोन आजीबाई ताडकन उठल्या. जपानात फोन असा किंचाळला की त्याचा एकच अर्थ असतो, भूकंप. काउंटरवरच्या मुलीने तर टेबलाची कड घट्ट धरली. पप्पा मात्र शांतपणे म्हणाले, "काही नाही, अश्दोद."

मराठीत म्हणाले. म्हणजे पुढचं मलाच निस्तरायचं होतं. मी कमरेत वाकून वाकून सगळ्यांची सुमिमासेन, सुमिमासेन म्हणत माफी मागत होते आणि पप्पा फोन कानाशी धरून बहिणीला लावत होते. माझी आत्या इस्रायलमध्ये अश्दोदला राहते. तिच्या गावावर क्षेपणास्त्र येतंय असं दिसलं की तिथे भोंगा होतो आणि त्याच क्षणी इथे पप्पांचा फोन ओरडतो, तशी सोय त्यांनी माझ्या मुलीकडून करून घेतली आहे. आत्या तिसऱ्या मजल्यावर राहते. इमारत जुनी, लिफ्ट नाही, निवारा तळघरात. भोंगा झाल्यावर हातात मिनिटभर वेळ असतो आणि आत्याचे गुडघे एका मिनिटात एक जिना उतरू शकत नाहीत. म्हणून तिने उतरणंच सोडून दिलं आहे. दाराबाहेर जिन्यात एक स्टूल ठेवलंय, त्यावर बसून राहते. तिने फोन उचलेपर्यंत पप्पा श्वास घेत नाहीत, आणि मग मीही घेत नाही.

त्या दिवशी तिने उचलला. पप्पा म्हणाले, "ताई, बसलीस का?" ती म्हणाली, "बसलेय. तू जेवलास का?" आमच्या घरातली युद्धवार्ता एवढीच असते.

आम्ही कोकणातले ज्यू. आडनाव रायगडातल्या एका गावाचं, शेवटी 'कर' लावलेलं. आमचे पूर्वज तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बैल सोडायचे, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. आत्या लग्न करून इस्रायलला गेली. पप्पा मुंबईत गोदीच्या कचेरीत चाळीस वर्षं कारकून होते, निवृत्त झाल्यावर भावाकडे अमेरिकेत गेले आणि तिथले नागरिक झाले. मीही लग्नानंतर अमेरिकेतच होते, दुसऱ्या राज्यात, आणि मीही नागरिक झाले. नवऱ्याने मात्र भारताचा पासपोर्ट सोडला नाही. त्याच्या कंपनीने त्याला तोयोसुच्या ऑफिसात पाठवलं आणि आम्ही टोकियोत आलो. आई गेल्यावर पप्पाही आमच्याकडे आले. तोवर त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेला होता. कडेकडेचं दिसतं, समोरचं नाही. माझ्याशी बोलताना ते माझ्या खांद्याकडे बघतात.

तर त्या वर्षी अमेरिकेच्या अध्यक्षाची निवडणूक होती आणि आमच्या या सातव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दोन मतं होती. एक त्यांचं, एक माझं.

मला त्या काळात सगळ्यांचाच राग येत होता, हे आधीच सांगून टाकते. इथल्या सिनेगॉगमध्ये शनिवारच्या प्रार्थनेनंतर जे एकत्र जेवण असतं, तिथली अमेरिकन मंडळी प्लेट घेऊन माझ्याजवळ यायची. पहिला प्रश्न, तू मूळची ज्यू की धर्म बदलून? दुसरा प्रश्न, इस्रायलसाठी दोघांत कोण बरा? पहिल्याचं उत्तर ऐकून त्यांना नवल वाटायचं आणि दुसऱ्याचं ऐकून घ्यायचंच नसायचं, कारण त्यांची उत्तरं तयार होती. एक म्हणायचा, हा आपला खरा मित्र. दुसरी म्हणायची, असल्या मित्रापेक्षा शत्रू परवडला. आणि इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत गेले तर तिथले एक काका मोदक खात म्हणाले, "तुमचं काय बुवा, तुमचं ठरलेलंच असणार." माझं काय ठरलेलं आहे हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

माझी मुलगी तिथे अमेरिकेत कॉलेजात आहे. मला मत द्यायचं होतं ते तिच्यासाठी. ती उद्या तिथे कशी राहील, आजारी पडली तर तिचं कोण बघेल, यासाठी. इस्रायलचा विचार मनात नव्हता असं नाही. आत्या माझीही आहे. पण जो सर्वांत मोठ्याने पाठिंबा जाहीर करतो त्याच्यामुळे आत्याचं स्टूल जिन्यातून उठेल, याची मला खात्री वाटत नव्हती. तसं बोलले की पप्पा म्हणायचे, "तुला काय कळतंय त्यातलं?" आणि तुम्हाला काय कळतंय, असं माझ्या जिभेवर यायचं. आम्ही दोघं जपानात बसून, अमेरिकेचा अध्यक्ष निवडून, अश्दोदचं रक्षण करणार होतो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे तरी दुसरं काय असतं?

माझी मतपत्रिका आधी आली, ईमेलवर. मी ती पप्पांना वाचून दाखवली. वर एक नाव, खाली दुसरं. पप्पांना दोन्ही नावं तोंडात घ्यायचा कंटाळा. त्या दिवसापासून एक 'वरचा' झाला आणि एक 'खालचा'. रोज संध्याकाळी मी भाजी निवडत बातम्या वाचायची आणि ते विचारायचे, "वरचा काय म्हणाला आज इस्रायलबद्दल?" मग, "आणि खालचा?" गोदीतल्या पावत्या तपासाव्यात तशी दोघांची वाक्यं तपासायचे. हा 'नेहमी' म्हणाला होता, आज 'नेहमी' का नाही म्हणाला? त्याने शस्त्रं देऊ म्हटलं, पण कधी? कांदा चिरताना माझ्या डोळ्यांना धार आणि यांचं चालूच. तीन आठवडे हे चाललं. शेवटी त्यांनी निकाल दिला. वरचा.

माझं मत खालच्याला होतं. ते त्यांना माहीत होतं. आमच्यात ते न बोलता ठरलं होतं की ज्याचं त्याने द्यायचं.

एका शुक्रवारी मी घरूनच काम करत होते. शुक्रवारी दुपारी चारला पप्पा आत्याला फोन करतात, इथे शब्बाथचा, म्हणजे आमच्या पवित्र शनिवारचा, दिवा लागायच्या आधी. तिथे तेव्हा सकाळचे दहा असतात. माझी मीटिंग लवकर संपली आणि सरकत्या दारापलीकडून पप्पांचा आवाज आला, "ताई, तू अजिबात काळजी करू नकोस. आमच्या घरातली दोन्ही मतं तुझी. दोन्ही. मी शब्द देतो."

मी लॅपटॉप मिटला. ते फोन ठेवेपर्यंत थांबले, तेवढं भान होतं.

"पप्पा, माझं मत तुम्ही कसं देऊन टाकलंत?"

"अगं, तिला बरं वाटावं म्हणून."

"तिला बरं वाटावं म्हणून हलवायाच्या घरावर तुळशीपत्र? मला विचारलंत?"

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणूनच विचारायचं असतं!"

ते माझ्या खांद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी तिला आयुष्यात काही दिलं नाही गं. तिच्या लग्नालाही माझ्याकडे काही नव्हतं. ती तिथे जिन्यात बसते आणि मी इथे लिफ्टने फिरतो. माझ्याकडे द्यायला हे एकच आहे."

"तुमचं आहे ते द्या की," मी म्हटलं. "माझं का?"

मी फार ओरडले. आमच्या दांचीत, म्हणजे या सरकारी वसाहतीत, भिंती पातळ, शेजारची बाई दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये जरा जास्तच हसून ओहायो, सुप्रभात, म्हणाली. त्यानंतर आठवडाभर आमचं बोलणं चहा, गोळी आणि आंघोळीचं पाणी एवढ्यावर आलं. संध्याकाळच्या बातम्या बंद.

त्याच आठवड्यात पप्पांची मतपत्रिका आली. आमच्याकडे प्रिंटर नाही, म्हणून मी खालच्या कोंबिनीत, चोवीस तास उघड्या दुकानात, जाऊन मशीनवर दोघांच्याही पत्रिका छापल्या. कागद गरम गरम बाहेर आले आणि मी तिथेच, ओनिगिरीच्या, भाताच्या गोळ्यांच्या, फळीसमोर, ते चाळले. पप्पांचं राज्य वेगळं, माझं वेगळं. त्यांच्या राज्याने नावांचा क्रम वेगळा लावला होता. माझ्या कागदावर जो वर, तो त्यांच्या कागदावर खाली. मी घरी आले. पप्पांना हे सांगायला हवं होतं. पण आमचं बोलणं चहा आणि गोळीपुरतंच होतं, आणि मी ते तसंच राहू दिलं.

मतं भरायचा दिवस पप्पांनी ठरवला, रविवार. नवरा बॅडमिंटनला गेला होता. महत्त्वाचं काम असलं की आमच्यात एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात. पप्पांनी आग्रहच धरला. मी कपाळाला हात लावला आणि मग निशिकासाईच्या भारतीय दुकानातून आणलेले पोहे भिजवले, गूळ आणि ओलं खोबरं घातलं, वेलची कुटली, वर फळं मांडली. केळी आणि काकी नावाचं इथलं केशरी फळ मिळालं, खजूर घरात होते. पप्पांनी प्रार्थना म्हटली. ताट टेबलाच्या एका बाजूला, कागद दुसऱ्या बाजूला.

त्यांच्या कागदासोबत एक शपथपत्र होतं. खाली मतदाराची सही, आणि त्याखाली मदत करणाऱ्याची. मदत करणाऱ्याने लिहून द्यायचं की मतदाराने सांगितलं तसंच मी भरलं.

"आधी सही करतो," पप्पा म्हणाले.

"आधी भरून घेऊ."

"नको, आत्ता हात स्थिर आहे. नंतर नसेल."

मी पट्टी आडवी धरली आणि त्यांनी पट्टीच्या कडेने सही केली. कोऱ्या कागदावर कधी सही करू नये, समोरचा सख्खा भाऊ असला तरी, हे मला लहानपणी शिकवलं ते याच माणसाने. गोदीत याच शिस्तीपायी त्यांना सगळे वैतागायचे.

"वरचा," पप्पा म्हणाले. "भर."

मी पेन उचललं. त्या कागदावर वरचा म्हणजे माझा. वरचा गोल भरायचा, खाली सही करायची, आणि शपथेतला एक शब्दही खोटा ठरणार नव्हता. मतदाराने वरचा सांगितलं, मी वरचा भरला. त्यांनी माझं मत मला न विचारता वाटलं होतं, मग त्यांचं माझ्याकडे आलं तर बिघडलं कुठे? कोणाला कळणार होतं? त्यांना तर शक्यच नव्हतं. माझ्या मुलीला एकाऐवजी दोन मतं मिळाली असती. मी हे सगळं नीट विचार करून मनात म्हटलं. रागाच्या भरात सुचलं असं म्हणून मला सुटता येत नाही.

पप्पांनी मान खिडकीकडे वळवली होती. मतदान केंद्रात दुसरा माणूस मत देत असला की पाठ करून उभे राहायचे, तसे. त्यांना काही दिसत नव्हतं आणि मत त्यांचं स्वतःचंच होतं, तरीही. मला त्यांचा भयंकर राग आला. इतका विश्वास टाकायचा म्हणजे ही जबरदस्तीच झाली, दुसऱ्याला वाकडं वागायला जागाच ठेवायची नाही.

मी खालचा गोल भरला. त्यांना हवा होता तो. काळाभोर, कडेपर्यंत. मग माझी सही केली.

"झालं?"

"झालं."

मग मी माझा कागद ओढला आणि माझंही मत दिलं, मला द्यायचं होतं त्यालाच. पप्पांनी काही विचारलं नाही. आम्ही मलिदा खाल्ला. पोह्यांना गूळ कमी पडला होता, तेवढं ते बोलले. सोमवारी मी पोस्टात जाऊन दोन्ही पाकिटं पाठवली.

शुक्रवारी चारला फोन लागला. पप्पांनी स्पीकर लावला, कारण आत्याला माझ्याशी बोलायचं होतं. तिचा आवाज बारीक झाला होता. त्या आठवड्यात तीनदा स्टुलावर बसून झालं होतं.

"काय गं, पाठवलीत का मतं?"

"पाठवली आत्या. सोमवारीच."

"दोन्ही? तुझंही?"

"हो आत्या," मी म्हटलं. "दोन्ही. तुझ्यासाठीच."

"देव तुमचं भलं करो. मी शेजारणीला सांगितलंय, जपानातून माझी दोन मतं निघालीत म्हणून. ती हसते मला." आत्याही हसली. मग तिने पप्पांना विचारलं जेवलास का, आणि फोन ठेवला.

बाहेर ऊन उतरत होतं.

"रविवारी तू थांबली होतीस," पप्पा म्हणाले.

"कधी?"

"माझा कागद भरताना. पेन उचललंस आणि बराच वेळ कागदाला लावलंच नाहीस. मला ऐकू येतं."

मी दिव्यात तेल घातलं.

"ताईशी बोलताना नाही थांबलीस."

मग त्यांनी टेबलावर चाचपडत काडेपेटी शोधली आणि माझ्यापुढे धरली. दिवा लावायची वेळ झाली होती.